टोपीविना आलेला माणूस

मला पंचांग पाहायची गरज पडत नाही. कारंज्याहून धनजला जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसले आणि लागोपाठ शिंका सुरू झाल्या, की समजायचं तुरी निघाल्या. शेताशेतांत थ्रेशर लागलेले असतात, तुरीचा भुसा, आमच्याकडचं कुटार, उडत असतं, आणि ती बारीक पिवळट धूळ थेट माझ्या नाकाचा पत्ता विचारत येते. आमच्या घरात माझ्या नाकाइतकं भरवशाचं दुसरं काही नाही.

या रविवारीही शिंकत शिंकतच माहेरी निघाले होते. मधल्या एका फाट्यावर एक माणूस चढला. डोक्याला मफलर, पाठीवर गाठोडं. तिकीट काढलं आणि मागे जाऊन उभा राहिला. एवढंच. पण बसमधल्या साऱ्या माना त्याच्याकडे वळल्या. माझ्या शेजारच्या बाईनं मांडीवरच्या पोराला पदराखाली घेतलं. तो माणूस खिडकीबाहेर पाहू लागला, जरा जास्तच लक्ष देऊन. पुढच्या गावात उतरून गेला तेव्हा त्या बाईनं पदर सोडला. मीही तोवर श्वास धरून बसले होते, हे मला नंतर कळलं.

लहानपणी हे दिवस माझे फार लाडके होते. ऊन अंगावर घ्यावंसं वाटायचं. हरभऱ्याला घाटे भरलेले, त्याच्या पानांवरची आंब लागून बोटं खारट झालेली. अंगणात तुराट्यांचे भारे रचलेले, त्यांत मांजरीची पिल्लं. शाळा असायची, पण परीक्षा अजून लांब. आणि सगळ्यांत मोठी गंमत म्हणजे रस्त्यानं येणारी माणसं. घरात दाणे आले की बाहेरगावची माणसं गावात येऊ लागायची. बांगड्यावाली यायची, सुपं आणि टोपल्या विकणारं जोडपं यायचं, पोपटाकडून चिठ्ठी काढणारा यायचा. ही माणसं कुठून येतात, पावसाळ्यात कुठे असतात, असं काही आम्ही विचारत नव्हतो. चिमण्यांना विचारतं का कोणी?

त्यांतला राजा म्हणजे बहुरूपी. कधी शंकर होऊन यायचा, कधी साहेब, पण बहुतेक वर्षी फौजदार. निळसर पांढऱ्या रंगानं माखलेलं तोंड, कोळशाच्या मिशा कानापर्यंत, खाकी डगला, लाकडी पिस्तूल आणि डोक्यावर एक चकचकीत बिल्ल्याची टोपी. गावात शिरताना पहिलं घर पंचफुलामायचं. बौद्धवाड्याच्या तोंडाशी, विहाराला लागून. तिच्या ओट्यापुढे उभा राहून तो दरडावायचा आणि मग एकदम लग्नाचं आमंत्रण द्यायला लागायचा.

"चला हो चला, लगीन हाये लगीन! मुंगीच्या मांडवात हत्तीचं लगीन! लेकरं घ्या, बाळं घ्या, म्हातारे कडेवर घ्या! जेवाले दगडाची भाजी, वाऱ्याचे वडे, आन् कोरड्या हिरीचं ताक!"

पंचफुलामाय हातातलं सूप खाली न ठेवता, चेहऱ्यावरची रेघ न हलवता विचारायची, "नवरदेव कोन हाये रे?"

"तुमचाच हेला, माय!"

"आन् नवरी?"

"तहसीलदाराची सायकल!"

मग ती पायलीभर तूर त्याच्या झोळीत ओतायची आणि वरून म्हणायची, "जाय आता, दुसऱ्याच्या घरी मर." दरवर्षी हेच. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आम्ही पोरं तिच्या ओट्याखाली जागा धरून बसायचो, कारण पुढच्या घरांत त्याला अशी उत्तरं देणारं कोणी नव्हतं. तिच्या दारचा रेडा नवरदेव आणि नवरी 'तहसीलदाराची सायकल', हे ऐकून मी हसून लोळायचे. तेव्हा तहसीलदार काय असतो हेही मला ठाऊक नव्हतं, आणि सायकल तर मला येत नव्हती.

गेल्या वर्षी याच दिवसांत माझी भाची तेजू, माझ्या भावाची मुलगी, पुण्याहून आली. ती तिकडे सिनेमाचं शिक्षण घेते. म्हणजे नेमकं काय करते हे माझ्या भावाला अजून सांगता येत नाही. कोणी विचारलं तर तो "कॅमेऱ्याचं काहीतरी" म्हणून विषय बदलतो. येताना तिनं मैत्रिणीचा प्रोजेक्टर आणला आणि जाहीर केलं, गावाला सिनेमा दाखवणार. फ्रेंच. विनोदी.

"फ्रेंच?" शेजारचा गजूभाऊ म्हणाला. "आमाले तं घरवालीचं मराठीच समजत नाई बापा."

तरी दिवेलागणीला शाळेच्या वऱ्हांड्यात चादर बांधली गेली आणि गाव जमलं. शाली, मफलर, शेंगदाण्याच्या पुड्या. तेजू चादरीशेजारी भजनी मंडळाचा माईक घेऊन उभी राहिली आणि फ्रेंच माणसं वऱ्हाडी बोलू लागली.

गोष्ट साधी होती. नदीकाठचं एक टुमदार गाव आणि गावाबाहेर बंद पडलेली पिठाची गिरणी. त्या गिरणीत कुठून कुठून आलेली चक्रम माणसं राहतात. एक बाई आहे, ती आपल्या कोंबडीला छत्री धरून फिरायला नेते. दोन भाऊ आहेत, त्यांनी एकमेकांशी अबोला धरलाय. भांडायचं झालं तर एक तुतारी वाजवतो आणि दुसरा ढोल. एक म्हातारा रस्त्यावर पडलेल्या ढगांच्या सावल्यांभोवती खडूनं रेघ मारतो आणि ढग सरकला की रागावतो. आणि एक माणूस रोज नवा गणवेश घालतो. सोमवारी पोस्टमन, मंगळवारी स्टेशनमास्तर, बुधवारी आग विझवणारा. नोकरी कुठलीच नाही. गाव मात्र त्याला सलाम ठोकतं, चहा पाजतं.

तो पहिल्यांदा टोपी सावरत पडद्यावर आला तेव्हा गजूभाऊ जागेवरून ओरडला, "अरे, हा तं आपला बहुरूपी!"

सगळा वऱ्हांडा हसला. पंचफुलामायही हसली, आणि तिला मी त्याआधी हसताना पाहिलं नव्हतं. पुढे एका प्रसंगात त्या माणसाची टोपी नदीत वाहून जाते, डगला भिजतो, आणि तो नुसत्या बनियनवर आपल्या नेहमीच्या चहाच्या दुकानात शिरतो. दुकानदार वर पाहून म्हणतो, कोण आपण? शेजारच्या टेबलावरचे लोकही मान हलवतात, हा आमच्यातला नाही. तो बिचारा हातानं टोपीचा आकार करून डोक्यावर धरतो, तेव्हा कुठे सगळे उठून सलाम करतात. गजूभाऊ हसून हसून खोकू लागला. त्याच्या मांडीवर त्याची उशिरा झालेली छोटी मुलगी झोपली होती, ती दचकून उठली.

शेवटी ते टुमदार गाव चिडतं. असली माणसं आपल्या वेशीवर नकोत म्हणून काठ्या, झाडू घेऊन गिरणीवर चाल करून जातं. आत कांद्याच्या रश्श्याचं मोठं पातेलं उकळत असतं. तुतारी वाजते, ढोल वाजतो, वास सुटतो, आणि लोकांना भूक लागते. त्याच काठ्यांनी मग ते रस्सा ढवळतात. कोंबडीही नाचते. सिनेमा संपला.

"चांगला हाये," गजूभाऊ म्हणाला. "उगीच रडवत नाई."

त्यानंतर थोड्याच दिवसांत फोनवर ते यायला लागलं. आधी एक आवाज, कुणा बाईचा, घाबरलेला. मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात उतरली आहे. मग एक फोटो, कुठला ते कळू नये असा. मग खाली ठळक अक्षरांत सूचना: टोळीतले लोक साधू, फकीर, पोलीस अशा वेषांत फिरतात. मी कारंज्याच्या कॉलेजात मराठी शिकवते. स्टाफरूममध्ये आम्ही सगळे म्हणालो, अफवा आहे. आणि संध्याकाळी प्रत्येकीनं घरी फोन करून पोरं आली का विचारलं. मीही विचारलं. माझा मुलगा तर इंजिनिअर आहे आणि त्याला पळवून नेणाऱ्याचीच मला काळजी वाटेल.

हसण्यासारखं मात्र फार काळ राहिलं नाही. पुढच्या रविवारी गेले तेव्हा गाव दिवसाढवळ्या बंद होतं. दारं लावलेली. शाळा सुटल्यावर हरभऱ्याच्या वावरात पळणारी पोरं दिसेनात. फाट्यावर बाभळीखाली काही तरुण काठ्या घेऊन बसलेले, त्यांच्यासोबत गजूभाऊही. बांगड्यावालीला त्यांनी परत पाठवलं होतं. सुपं विकणाऱ्या जोडप्याची टोपली उलटी करून पाहिली होती, आत काय सापडणार होतं देव जाणे. मंगरूळपीरकडच्या कुठल्याशा गावात एका वेडसर माणसाला बांधून ठेवलं, असं कोणी सांगत होतं. कुठलं गाव ते कोणालाच सांगता येत नव्हतं.

"गजूभाऊ, अरे, खोटं असतं हे," मी म्हणाले.

"असू द्या नं ताई खोटं," तो म्हणाला. "आन् खरं निंगालं मंग? तुमी देसान का मले माही पोर आनून?"

त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. रात्रभर जागत होता तो. त्याची भीती खरी होती. थ्रेशरचा आवाज लांबून येत होता आणि मध्येच तो बंद झाला की सगळे माना वर करून पाहायचे. त्या शांततेची मला जास्त भीती वाटली.

आणि त्याच दिवशी, उन्हं तिरपी होताना, तो माणूस आला.

साधा माणूस. मळकट पांढरा सदरा, पँट, पायांत प्लास्टिकच्या चपला. खांद्याला झोळी. वय झालेलं, गालफडं बसलेली, एका भुवईवर जुना व्रण. अशी माणसं कारंज्याच्या बाजारात ढिगानं दिसतात आणि एकही लक्षात राहत नाही. फाट्यावरच्या पोरांनी हटकलं तेव्हा तो थांबला आणि हसून म्हणाला, "वयखलं नाई का बापू? मी तुमचा बहुरूपी."

झालं! पोरांनी त्याला मधे घेतलं आणि चालवत गावाच्या तोंडाशी आणलं. बघता बघता गर्दी झाली. दारं उघडली. मी आणि तेजू धावत गेलो तेव्हा गजूभाऊनं त्याची कॉलर धरलेली होती.

"बहुरूपी हाये म्हन्ते! रंग कुठी हाये? टोपी कुठी हाये?"

"फोनवर आलं नं दादा, का सोंग घेऊन फिरनाऱ्याले मारून राह्यले म्हून," तो माणूस म्हणाला. "लेक म्हने, बाबा, औंदा रंग लावू नका, साधेच जा. म्हून असा आलो."

काय शहाणपणाची गोष्ट होती! मी असते तरी हाच सल्ला दिला असता. वेषाची भीती आहे, तर वेष उतरवून जा. आणि तेवढ्यानंच त्याचा घात झाला होता, कारण इतकी वर्षं तो आमच्या गावात आला, पण हा चेहरा घेऊन कधी आलाच नव्हता. आम्ही ओळखत होतो ती टोपी, त्या कोळशाच्या मिशा. मी त्याच्याकडे निरखून पाहिलं. ओट्याखाली बसून ज्याला पाहून मी लोळायचे तो हा असेल का? मला ओळख पटेना.

त्यानं खिशातून आधार कार्ड काढून दिलं. ते हातोहात फिरलं. प्रत्येकानं फक्त गाव कोणतं ते पाहिलं. गाव लांबचं होतं, दुसऱ्या जिल्ह्यातलं.

"कार्ड तं कोनीबी बनवते," मागून कोणी म्हणालं.

तेजू मधे घुसली. "त्यांना सोडा, मी पोलिसांना फोन करते." तिचं कोणी ऐकलं नाही. तिनं फोन लावला, पण पोलीस येणार बाहेरून, आणि इथे काठ्या हातभर अंतरावर होत्या. मला एकाएकी तो फ्रेंच सिनेमा आठवला. हीच माणसं तेव्हाही एकत्र होती, चादरीपुढे. इथे रश्श्याचं पातेलं नव्हतं आणि तुतारीही नव्हती.

"बहुरूपी हायेस नं?" गजूभाऊनं त्याला हलवलं. "मंग म्हून दाखव! म्हन!"

त्या माणसानं ओठांवरून जीभ फिरवली. हात झोळीकडे गेला, बहुधा पिस्तुलाच्या सवयीनं, आणि लगेच पाच-सहा काठ्या वर झाल्या. त्यानं हात काढून घेतला. मग कापऱ्या आवाजात सुरू केलं.

"चला हो चला... लगीन हाये लगीन... मुंगीच्या मांडवात..."

विनोद असा भिऊन म्हटलेला मी कधी ऐकला नव्हता. शब्द तेच, पण त्यांतून हसू सगळं गळून गेलेलं. आवाजावरूनही ओळखू येईना, कारण फौजदाराचा आवाज असा नसायचा. तो गडगडायचा.

"...हत्तीचं लगीन. लेकरं घ्या..."

आणि तो थांबला. आपण काय बोललो हे त्यालाच कळलं.

"आयकलं का?" कोणी ओरडलं. "लेकरं मांगून राह्यला!"

गर्दी एक पाऊल आत सरकली. मी ओरडले, काय ओरडले आठवत नाही. गजूभाऊची मूठ वर गेलेली मला दिसत होती, आणि त्या माणसानं डोळे मिटून घेतले होते.

"नवरदेव कोन हाये रे?"

आवाज ओट्यावरून आला. पंचफुलामाय बसल्या जागी होती. हातात सूप. ती तूर पाखडत होती आणि एवढ्या गोंधळात तिनं ते थांबवलंही नव्हतं. चेहऱ्यावरची रेघ हललेली नव्हती.

सगळे तिच्याकडे पाहू लागले. त्या माणसानं डोळे उघडले.

"इचारून राह्यली मी. नवरदेव कोन हाये?"

"तु... तुमचाच हेला, माय."

"आन् नवरी?"

त्याला दम लागला होता. "तहसीलदाराची सायकल."

मग गर्दीच्या मागे कोणी तरी फिस्सकन हसलं. त्या एका हसण्यानं काठ्या खाली आल्या, एकेक करून. गजूभाऊची मूठ तशीच वर राहिली होती, ती त्यानं डोक्यामागे नेऊन मान खाजवली. लहानपणी तो माझ्या शेजारीच बसायचा, त्याच ओट्याखाली.

"मंग आधीच नाई सांगाचं का बावा," तो म्हणाला. आवाज रडवेला होता.

लोक हसू लागले. कोणी त्याची पाठ थोपटली, कोणी पाणी आणलं. सिनेमासारखंच झालं म्हणा ना सगळं. पण मी हसू शकले नाही. हसणं आणि मारणं या गावात एकाच हातात इतकं जवळजवळ राहतं, हे मी त्या क्षणी पाहिलं होतं, आणि एकदा पाहिलेलं परत न पाहिल्यासारखं करता येत नाही.

पंचफुलामायनं पायलीभर तूर त्याच्या झोळीत ओतली. सदऱ्याचं वरचं बटण तुटून कॉलर लोंबत होती. तो निघाला, दोन पावलं गेला आणि परत फिरला.

"माय," तो म्हणाला, "पुढच्या साली कसा येऊ? रंग लावून येऊ का असाच?"

खरोखरच विचारत होता तो. त्याला उत्तर हवं होतं. मी पंचफुलामायकडे पाहिलं. जन्मभर त्याच्या प्रत्येक वाक्याला जिच्याकडे जोड होती, ती गप्प होती. गजूभाऊ खाली पाहत होता. 'जाय आता, दुसऱ्याच्या घरी मर' हेही ती त्या दिवशी म्हणाली नाही. मग तो माणूस फाट्याकडे चालत गेला. आम्ही सगळे त्याच्या पाठीकडे पाहत राहिलो, जणू पाठ तरी ओळखू येईल.

फोनवरचं ते वादळ पुढे आपोआप विरलं. कोणाचंही मूल गेलं नव्हतं, कोणतीही टोळी सापडली नाही. आता त्याची आठवण काढली की लोक विषय बदलतात. या वर्षी तेजू पुन्हा आली तेव्हा तिनं विचारलं, सिनेमा लावू का? गजूभाऊ म्हणाला, "लाव नं. पन तो टोपीवाला नको लावू." तेजूनं मग काहीच लावलं नाही.

या रविवारी शिंकत घरी पोचले आणि आधी पंचफुलामायच्या ओट्यावर जाऊन बसले. थ्रेशर सुरू होते. कुटार तिच्या पांढऱ्या केसांवर बसत होतं. दाराशी एका टोपलीत तूर वेगळी काढून ठेवलेली होती, वर फडकं घातलेलं. कोणासाठी ते मी विचारलं नाही. काढणी सरत आली आहे. बांगड्यावाली यंदा आलेली नाही, सुपंवालेही नाहीत. फाट्याच्या बाजूनं एक माणूस येताना दिसला तेव्हा आम्ही दोघींनी एकदमच तिकडे पाहिलं. जवळ आला. थ्रेशरवरचा मजूर होता, तोंड धुळीनं पांढरं झालेलं.

तो गेल्यावर बराच वेळ ती रस्त्याकडे पाहत होती. मग सूप हातात घेतलं आणि तसंच मांडीवर ठेवून दिलं.

"निरोप तरी कसा धाडाव वं बाई," ती म्हणाली. "नवरदेव कोन, नवरी कोन, दरसाली इचारलं म्या त्याले. तुहं नाव काय, हे एकबी साली नाई इचारलं."